राखाडी कोटाची साक्ष

माणसाला आपल्यावर झालेले उपकार दिसले की तो हात जोडतो, आणि तेवढ्यावर स्वतःला कृतज्ञ समजून निश्चिंत होतो. परंतु जे उपकार करणाऱ्याने बुद्ध्या झाकून ठेवले, त्यांचे काय करावे? त्यांच्यासाठी हात कोणापुढे जोडावेत? वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षापर्यंत हा प्रश्न मला पडला नव्हता. तो पडावा अशी व्यवस्था शेवटी एका राखाडी कोटाने केली. ती हकीकत येथे यथाक्रम सांगतो. तिच्यात माझे पुष्कळ हसे झाले आहे; आणि ज्यांच्यामुळे झाले, त्यांची आठवण मी रोज सकाळी आदराने काढतो.

आरंभ शब्दकोशापासून झाला. आमच्या घरी बाराशे पुस्तके आहेत आणि त्यांतला सर्वांत जाड शब्दकोश कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर असतो. एका मंगळवारी सकाळी शब्दकोड्यात काहीतरी अडले म्हणून सौभाग्यवती खाली बसली. कोश काढला, शब्द सापडला, आणि तिला उठता येईना. गुडघा रुसला होता.

"अहो, जरा हात द्या."

मी हात दिला. हात देण्यासाठी वाकलो. वाकताना मध्ये पोट आले. पोटाने तोल नेला, आणि दुसऱ्या क्षणी मीही तिच्याशेजारी जमिनीवर आसनस्थ झालो. उठण्याचे तीन प्रयत्न केले. तिसऱ्यात कपाटाचे दार माझ्या हातात आले.

"आता?" तिने विचारले.

"आता विचार करू."

"आयुष्यभर तेच केलंत. कुणाला तरी हाक मारा."

"हाक मारण्यासारखं काय घडलंय? आपण वाचत बसलो आहोत."

"मग निदान पुस्तक सरळ धरा. उलटं धरलंय तुम्ही."

चाळीस मिनिटे आम्ही वाचत बसलो. शेवटी तिनेच हाक मारली. समोरच्या घरात राहणारे मीटरकाका हे वीजखात्यात पस्तीस वर्षे मीटर वाचण्याची नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. ते आले, परिस्थिती पाहिली, "वा! मैफल जमलीय," असे म्हणाले, आणि जुना मीटर भिंतीवरून उतरवावा तितक्या सहजतेने आम्हाला एकेक करून उभे केले. त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. फक्त आमच्या कन्येला दूरध्वनी केला.

कन्या रविवारी आली. ती रुग्णालयात परिचारिकांची प्रमुख आहे, त्यामुळे तिच्या मायेला वेळापत्रक असते.

"बाबा, सरळ सांगते," ती म्हणाली. "मीटरकाका घरी नसते तर? तीन महिने देते. बरोबर तीन महिन्यांनी, रविवारी सकाळी मी येईन. तुम्ही दोघांनी याच जागी खाली बसायचं आणि उठायचं. कुणाला हाक मारायची नाही. उठलात, तर राहा इथंच. नाही उठलात, तर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं."

"आणि पुस्तकं?"

"माझ्याकडे एक फळी रिकामी आहे. चाळीस मावतील."

बाराशेतून चाळीस! मी पत्नीकडे पाहिले. तिने खिडकीतल्या कुंड्यांकडे पाहिले. या घरात आम्ही चौतीस वर्षे काढली. येथले प्रत्येक दार कुठे कुरकुरते हे आम्हाला अंधारातही समजते. ते सोडायचे की नाही, हे आता आमच्या गुडघ्यांवर ठरणार होते.

"गुडघ्यापेक्षा तुमचं पोट आड येतं, बाबा."

हे मात्र माझ्या जिव्हारी लागले. मी शांतपणे उठलो (खुर्चीतून उठण्यात मला कधीच अडचण नव्हती), कपाटातून राखाडी कोट काढला, अंगावर चढवला आणि तिन्ही गुंड्या लावून दाखवल्या. हा कोट अकरा वर्षांपूर्वी माझ्या सेवानिवृत्तीच्या समारंभासाठी शिवलेला. अजून अंगावर चोख बसतो.

"पाहा. अकरा वर्षांत या देहात तसूभर फरक नाही."

कन्येने कोटाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "बाबा, कोट बसतोय खरा. पण तुमचे बूट तुम्हाला शेवटचे कधी दिसले?"

मी खाली पाहिले. बूट दिसत नव्हते. कोट मात्र बसत होता. ही विसंगती त्याच क्षणी माझ्या ध्यानात यायला हवी होती. पण प्रमाण आपल्या बाजूचे असले की त्याची उलटतपासणी करायला विद्वानही तयार नसतो.

देहाचा आकार सुधारायचा हे ठरले. आता मार्ग कोणता? या विषयावर आपल्याभोवती इतके ज्ञाते राहतात, याची मला कल्पना नव्हती. मीटरकाकांचे मत असे की चालणे हेच खरे. "गुरुजी, कार्डिओ! घाम निघाला पाहिजे, धाप लागली पाहिजे. पस्तीस वर्षं रोज बारा किलोमीटर पायी फिरलो. हे बघा पोट. आहे कुठं?" खालच्या मजल्यावरील बाईंचा भाऊ वजने उचलून सुधारला होता, म्हणून त्या म्हणाल्या, "चालून माणूस नुसता वाळतो. आकार येतो तो वजनानं." दूधवाल्याने दोन्ही पक्ष नाकारले आणि लवकर झोपायला सांगितले. डॉक्टरांनी माझा रक्तदाब घेतला, छाती ऐकली, आणि "काहीतरी करा," असा निःसंदिग्ध सल्ला दिला.

मतभेद झाल्यास प्रयोग करावा, हे मी जन्मभर वर्गात सांगत आलो. तेव्हा आखणी केली. पहिले सहा आठवडे चालणे. नंतरचे सहा आठवडे वजने. वजनकाट्यावर माझा विश्वास नाही. त्याला जडपणा कळतो, आकार कळत नाही. आकाराची साक्ष कोट देईल. दर दोन आठवड्यांनी तो घालून पाहायचा. पोटावर किती सैल झाला, खांद्यावर कसा बसला, ते वहीत टिपायचे. आणि प्रयोगात काटेकोरपणा हवा म्हणून प्रत्येक परीक्षेआधी कोट, ज्यांनी तो शिवला त्या शिंपीमास्तरांकडून कडक इस्त्री करून आणायचा. चुरगळलेल्या कोटावरून निर्णय देणे शास्त्राला धरून नाही.

हे शेवटचे वाक्य मी मोठ्या अभिमानाने वहीत लिहिले. त्याच्याइतके हास्यास्पद वाक्य माझ्या हातून आजवर लिहिले गेलेले नाही. पण ते पुढे.

मीटरकाकांबरोबर चालणे म्हणजे त्यांच्या नोकरीत सामील होणे. त्यांचे पाय जुन्याच मार्गाने जातात आणि प्रत्येक इमारतीच्या मीटरपेटीपाशी आपोआप थांबतात. ते झाकण उघडतात, आकडा वाचतात, "वाढलंय," असे म्हणतात, आणि पुढे निघतात. दुसऱ्या दिवशी मी नेहमीची वही काखेत घेऊन त्यांच्याबरोबर होतो. एका वृद्ध बाईंनी आम्हाला खात्याची माणसे समजून जिन्यात अडवले.

"तुम्ही साहेब दिसता," त्या मला म्हणाल्या. "आमचा दिवा लुकलुकतो त्याचं काय?"

"बाई, मी व्याकरणाचा शिक्षक होतो."

"म्हणूनच काम होत नाही. चुकीची माणसं भरलीत."

त्यांनी तक्रारीचा कागद माझ्या वहीत खोचला. असे आठ दिवसांत नऊ कागद जमले. मीटरकाकांनी ते जुन्या कार्यालयात नेऊन दिले आणि काही दिवे खरोखर दुरुस्त झाले, त्यामुळे पुढच्या आठवड्यात सतरा आले. दरम्यान मी चालत होतो. आधी धाप लागे, मग कमी लागू लागली. एकदा तर कुत्रा मागे लागल्यामुळे मी धावलो, आणि काका मागून ओरडत होते, "छान, गुरुजी! हाच वेग ठेवा!"

सहा आठवड्यांनी काट्यावर साडेतीन किलो उतरले होते. मी समाधानाने कोट मास्तरांकडून आणला, आरशासमोर उभा राहिलो आणि गुंड्या लावल्या.

कोट पूर्वीसारखाच बसला. तितकाच चोख.

मी श्वास सोडून पाहिला, कोंडून पाहिला. पोटाशी एक बोट जाईल एवढीच जागा. ती आधीही होती. दुसऱ्या आठवड्यात, चौथ्यात, सहाव्यात, तेच. साडेतीन किलो गेले ते कोठून गेले? पत्नी म्हणाली, "डोक्यातून गेले असतील." मी ते मनावर घेतले नाही, पण मीटरकाकांना मात्र बोललो. जे बोललो त्याची आजही लाज वाटते.

"तुमच्या चालण्यानं देहाचा आकार सुधारत नाही. सहा आठवडे मी लोकांच्या तक्रारी वाहिल्या, एवढंच झालं."

काकांचा चेहरा उतरला. "पाय तुमचे, गुरुजी," एवढेच म्हणून ते आत गेले. नऊ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. चौतीस वर्षांत असे प्रथमच घडत होते. समोरासमोर दारे असलेल्या दोन घरांत नऊ दिवस न बोलण्यासाठी फार कष्ट पडतात. दार उघडण्याआधी कान लावून ऐकावे लागते.

मग वजने. नगरपालिकेची व्यायामशाळा आमच्या रस्त्याच्या टोकाला आहे. तेथील खिडकीतल्या कारकुनाने माझी जन्मतारीख संगणकात घातली आणि संगणकाने ती परत केली.

"साठच्या पुढं घेत नाही," तो म्हणाला. "साठ लिहू का?"

"असत्य लिहू नये."

"मग पासष्टच्या वरच्यांना पालकाची सही लागते. वडील आहेत?"

"असते तर एकशे दोन वर्षांचे असते."

"म्हणजे नाहीत." त्याने खरोखर विचार केला. तो भला माणूस होता. नियमात वाट नसेल तर भिंतीत शोधणारा. अर्ध्या तासाने त्याचा चेहरा उजळला. "एक प्रकार आहे. त्याला वयाची अटच नाही. संस्था!"

अशा रीतीने व्यायामशाळेच्या दप्तरी मी संस्था झालो. स्थापनावर्ष म्हणून माझे जन्मवर्ष. उद्दिष्ट या रकान्यात "उठणे" असे मी लिहिले. सभासदसंख्येपाशी कारकून थांबला. "एक लिहितो. वाढली तर सांगा, दहापर्यंत त्याच नोंदणीत बसतात." त्याने मला गळ्यात घालायचे कार्ड दिले. ते घालून मी तिसऱ्या दिवसापासून रोज पहाटे जाऊ लागलो, आणि द्वारपाल उठून उभा राहू लागला.

प्रशिक्षिका हसतमुख आणि अत्यंत निर्दय होती. "आजोबा, आधी नुसता दांडा. पायांत खांद्याएवढं अंतर. छाती वर. पाठ सरळ. पोट आत."

"कुठे आत?"

"असेल तिथं. आता खुर्चीवर बसल्यासारखं खाली. टाच उचलायची नाही. जमिनीला ढकला आणि उठा."

मी जमिनीला ढकलले. जमीन हलली नाही, पण मी उठलो. "बघा! आलं की!" ती म्हणाली, आणि एवढ्या वयाच्या माणसाला शाबासकी किती गोड लागते हे मला त्या दिवशी कळले. मी हजारो विद्यार्थ्यांना ती अगदी मोजून मापून दिली होती. येथून पुढे उधळावी असे मनाशी ठरवले.

अपघात एकच झाला. डोक्यावरचा दांडा धरून खाली ओढायचे एक यंत्र तेथे आहे. दांडा खाली आला की मागे लोखंडी विटांची चळत वर जाते. माझ्याआधी एक बलदंड गृहस्थ ते ओढत होता. त्याने दांडा छातीपर्यंत खाली आणला, मला वाट पाहताना पाहिले, आणि सौजन्याने म्हणाला, "धरा, आजोबा." मी धरला. त्याने सोडला. विटा खाली आल्या आणि संस्था वर गेली.

जमिनीपासून दीड हात वर लोंबकळताना मनात फारसे विचार येत नाहीत. खाली जमलेल्या मंडळींकडून सूचना येत होत्या. कोणी म्हणे, सोडा. कोणी म्हणे, सोडू नका. प्रशिक्षिका धावत येऊन माझे पाय धरून म्हणाली, "आजोबा, लटकायचा व्यायाम पुढच्या महिन्यात आहे!" मला उतरवण्यात आले. बलदंड गृहस्थाने इतक्या वेळा क्षमा मागितली की शेवटी मीच त्याला पाणी पाजले. तेव्हापासून तो माझ्यासाठी दांड्यावर वजनाच्या चकत्या चढवून देतो.

सहा आठवडे संपत आले. काट्यावर एक किलो वाढले होते! आणि कोट? इस्त्री करून आणला, घातला. खांद्यावर चोख. पोटावर चोख. मागे, पुढे, सर्वत्र चोख.

मी खुर्चीत बसलो. चालून आकार बदलला नाही, वजने उचलूनही नाही. हा देह दगडी आहे. रविवारची परीक्षा चार दिवसांवर होती. पत्नी चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. मी हलक्या आवाजात म्हणालो, "कोणती चाळीस घ्यायची, ते निवडायला लागू का?"

"तुम्ही निवडा," ती म्हणाली. "मी कुंड्यांना पाणी घालते." आणि ती इतक्या निर्विकारपणे गेली की मला तिची कीव आली. तिच्या निर्विकारपणाचे कारण मला तेव्हा ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी कोट घडी करून शिंपीमास्तरांच्या दुकानात नेला. त्यांचे दुकान म्हणजे एक यंत्र, एक मेज, आणि भिंतीवर खडूने काढलेल्या रेघा. मास्तर माझ्याहून चार वर्षांनी लहान. मोजपट्टी त्यांच्या गळ्यातून कधी उतरत नाही.

"मास्तर, हा कोट कुणाला तरी देऊन टाका. मी हरलो." आणि मी त्यांना सगळा प्रयोग सांगितला: चालणे, वजने, वही, दर दोन आठवड्यांची परीक्षा. सांगत असताना मास्तरांच्या हातातली कात्री हळूहळू खाली गेली.

"गुरुजी," ते म्हणाले, "कोटावरून माप घेत होता तुम्ही? या कोटावरून?"

"अर्थात."

मास्तर स्टुलावर बसले. मग त्यांनी मेजाच्या खणातून एक लांबट जुनी वही काढली आणि माझ्यापुढे उघडली. वरती लिहिले होते: गुरुजी, राखाडी. खाली अकरा वर्षांचे आकडे. पोट एकोणचाळीस. सहा महिन्यांनी साडेएकोणचाळीस. मग चाळीस. मग सव्वाचाळीस. असे चढत चढत त्रेचाळीस.

"हे काय?"

"दर वेळी इस्त्रीला आणायचात ना? मी बोलता बोलता पट्टी फिरवायचो. वाढलं असेल तेवढं आतून सोडायचो. निवृत्त होणाऱ्या माणसाचा कोट शिवताना मी आत जास्तच कापड ठेवतो."

"पण का?"

मास्तरांनी पट्टी बोटाला गुंडाळली. "समारंभात, सगळ्यांच्या देखत तुम्ही म्हणाला होतात, 'मास्तरांनी असा कोट शिवलाय की जन्मभर बसेल.' माझ्या कामाबद्दल तसं आजवर कुणी चारचौघांत बोललं नव्हतं. मग तो बसायला नको का?"

 दुकानाबाहेर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेले.

"आणि या तीन महिन्यांत?"

"तुम्ही उतरायला लागलात, मी आत घेतला. खांदे वाढले, तिथं सोडला. दर वेळी. मला वाटलं, इस्त्रीच्या नावाखाली तुम्ही त्यासाठीच पाठवता, आणि मनातून तुम्हाला माहीत असणारच."

अकरा वर्षे ज्या प्रमाणावर मी उभा होतो, ते प्रमाण माझ्या मनाला लागू नये म्हणून हळूच सरकत होते! प्रथम संताप आला. मग कानाच्या पाळ्या तापल्या. मग मी शेवटच्या तीन महिन्यांचे आकडे वाचले, आणि संताप कुठे गेला ते कळले नाही. पहिल्या सहा आठवड्यांत पोट त्रेचाळीसवरून साडेचाळीसवर आले होते. पण छातीही अर्धा इंच उतरली होती आणि पुढे मास्तरांच्या अक्षरात "खांदे पडले" असा शेरा होता. पुढच्या सहा आठवड्यांत पोट फक्त अर्धा इंच कमी झाले. छाती दीड इंच वाढली, पाठ पाऊण इंच रुंदावली. शेरा: "ताठ उभे राहतात."

म्हणजे चालण्याने काढले आणि वजनांनी भरले. मीटरकाका खरे होते आणि खालच्या मजल्यावरील बाईही. एका उपायाने दगड फोडला, दुसऱ्याने मूर्ती कोरली. आणि मी दोघांनाही खोटे ठरवून कोटाला खरे मानले.

"मास्तर, एक काम करा. तीन महिन्यांपूर्वी, मी चालायला लागलो त्या दिवशी हा जसा होता, तसा करून द्या. तंतोतंत. आणि शपथ घ्या, यापुढं हात लावणार नाही."

"मग तो बसणार नाही, गुरुजी."

"एकदा तरी बसू नये."

तेथून मी सरळ मीटरकाकांच्या दारावर गेलो. आमचे बोलणे सुरू झाले होते, पण त्यात मीठ नव्हते. मी वहीतले आकडे सांगितले आणि क्षमा मागितली. काकांनी बोटांवर इंच मोजले.

"अडीच इंच?" ते म्हणाले. "माझ्या चालण्यानं?"

"फक्त तुमच्या."

"मग उद्या सहाला निघू. सतरा नंबरच्या आजींचा दिवा परत लुकलुकतोय."

रविवार उजाडला. कन्या बरोबर नऊला आली. मनगटावर घड्याळ, चेहऱ्यावर रुग्णालय. मीटरकाका साक्षीदार म्हणून भिंतीला टेकून उभे होते, आणि कोट घेऊन आलेले मास्तर, "मी निघतो," असे तीनदा म्हणून तिन्ही वेळा थांबले होते. मी कोट चढवला. आम्ही दोघे कपाटासमोर, त्याच जागी, खाली बसलो. पत्नीने कोश काढून मांडीवर घेतला.

"सुरू," कन्या म्हणाली. तिचा आवाज किंचित कापला. तिलाही कुलूप लावायचे नव्हते, हे मला त्या एका शब्दात कळले.

मी एक गुडघा टेकला, एक पाऊल पुढे रोवले. छाती वर. पोट आत, आत आता जागा होती. जमिनीला ढकलले. आणि मी उभा होतो. कपाटाचे दार आपल्या जागी होते.

"बाबा!"

"अजून निम्मं आहे," मी म्हणालो. पत्नीसमोर पायांत खांद्याएवढे अंतर घेऊन, पाठ सरळ ठेवून बसकण घेतली, तिच्या दोन्ही काखांत हात घातले.

"मी काही दांडा नाही हं," ती पुटपुटली.

"श्वास सोडा," मी म्हणालो, आणि उठलो.

तिच्याबरोबर उठलो. ती अंगावर घेतलेल्या शालीसारखी हलकी वर आली. आणि त्याच वेळी, मानेपासून कमरेपर्यंत, एक दीर्घ आवाज झाला.

टर्रर्र.

कोट पाठीवर उभा फाटला होता. समोर, पोटापाशी, तो इतका सैल होता की कन्येने हात घातला तर तिची मूठ आत मावली. अकरा वर्षांत प्रथमच त्या कोटाने खरी साक्ष दिली, आणि तीही दोन्ही पक्षांच्या बाजूने. पुढचा भाग मीटरकाकांच्या वतीने बोलला, मागचा वजनांच्या.

मग मास्तर पुढे आले, माझ्या पाठीवरून हलकेच हात फिरवला आणि म्हणाले, "शिवण टिकली, गुरुजी. कापड फाटलं."

मीटरकाकांनी टाळ्या वाजवल्या. कन्या आधी हसली, मग रडली, मग आईच्या गळ्यात पडली. त्या मिठीत पत्नीच्या पदराआडून काहीतरी बाहेर आले आणि दोरीला लोंबू लागले. व्यायामशाळेचे कार्ड. मी चष्मा नीट केला. त्यावर माझ्याच संस्थेचे नाव, माझेच स्थापनावर्ष. आणि खाली: सभासद क्रमांक दोन.

"हे कधी?"

"तुमच्या पाठोपाठ तिसऱ्या दिवशी. दुपारी फक्त बायकांची वेळ असते." तिने कार्ड पुन्हा आत सारले. "तुम्ही पहाटे जायचात, मी दुपारी. ती शिकवणारी पोरगी म्हणाली, गुडघा दुखतो तो मांडीत बळ नाही म्हणून."

"म्हणजे आत्ता मी तुला उचललं..."

"उचललंत की. चांगलं उचललंत." ती हसली. "निम्मी मी आपली आपण उठत होते, एवढंच."

मी मास्तरांकडे पाहिले, मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. शिवणकाम फक्त दुकानात होते असे नाही.

"पास," कन्या डोळे पुसत म्हणाली. "दोघंही. किल्ली काकांकडेच राहू दे मात्र. आणि मला एक सांगा, हा एवढा जाड कोश वरच्या फळीवर का ठेवत नाही?"

आम्ही चौघेही त्या फळीकडे पाहू लागलो. हा विचार चौतीस वर्षांत कोणालाही सुचला नव्हता.

"असू दे खालीच," पत्नी म्हणाली. "मग बसायला निमित्त काय राहील?"

कोट मास्तर घेऊन गेले. पाठीला नवे कापड लावून आणतील. आत किती सोडायचे ते मी त्यांच्यावर सोपवले आहे, आणि विचारणार नाही अशी उलट शपथ घेतली आहे. पोट कमी करायचे असेल तर चालावे, खांदे हवे असतील तर वजने उचलावीत, आणि सवड असेल तर दोन्ही करावे, एवढेच ज्ञान मला या उद्योगातून मिळाले. ते कोणीही फुकट दिले असते, दूधवालाही. पण ज्यांच्या हातून मिळाले त्यांची ओळख मला अन्यथा झाली नसती.

आता आम्ही सकाळी दोघे मिळून जातो. संस्था आली की द्वारपाल उठून उभा राहतो. वाटेत मास्तरांच्या दुकानाचे दार अर्धे उघडे असते, आतून यंत्राचा आवाज येत असतो. आणि त्या आवाजापाशी पोचलो की पावले आपोआप मंद होतात.

ज्या हातांनी मला न कळता माझी शिवण सैल केली, त्या हातांना थरथर न येवो. जे पाय दुसऱ्याच्या दिव्यासाठी जिने चढतात, त्यांना वाट कधी न संपो. ज्या मुलीने आम्हाला जमिनीला ढकलायला शिकवले, तिच्या पायाखालची जमीन सदैव स्थिर राहो. ज्याने नियमात माझ्यासाठी दार शोधले, त्याला कोठेही बंद दार न भेटो. आणि जी निम्मी आपली आपण उठते आणि उचलल्याचे श्रेय मला देते, तिचा गुडघा न दुखो. शुभं भवतु.